ख्रिस्ती कारभारीपण

मनुष्याजवळील धन, जमीन, वेळ, आरोग्य व बुद्धी यांचा खरा स्वामी परमेश्वर असून मनुष्य हा त्याच्या वतीने त्यांची व्यवस्था पाहणारा कारभारी होय, या ख्रिस्ती विचारास व त्यातून उद्‌भवणाऱ्या आचारास ‘कारभारीपण’ असे म्हणतात. व्यापक अर्थाने त्यात मनुष्याच्या सर्व जीवनाचा अंतर्भाव होतो; तथापि व्यवहारात ही संज्ञा बहुधा स्थानिक मंडळीच्या निर्वाहासाठी सभासदांनी द्यावयाच्या अर्पणांच्या संदर्भात वापरली जाते. मराठी प्रॉटेस्टंट परिभाषेत ‘मंडळी’ म्हणजे एका ठिकाणी उपासनेसाठी जमणारा, आपला पाळक (धर्मोपदेशक) व आपले वडील (निवडलेले पंच) असलेला ख्रिस्ती समुदाय. अशा मंडळीचा खर्च कोणी व कशा प्रकारे चालवावा, हा प्रश्न वरवर हिशेबाचा वाटला, तरी मंडळी नेमकी कोणाची हा प्रश्न त्यात गुंतलेला असतो. सातारा व सांगली जिल्ह्यांतील मंडळ्यांच्या इतिहासात तो विशेष स्पष्टपणे दिसून येतो. या दोन्ही जिल्ह्यांत ख्रिस्ती लोकसंख्या एक टक्क्याहूनही कमी आहे. परंतु येथील मंडळ्यांना दीड शतकाहून अधिक काळाचा इतिहास आहे.

नव्या करारातील ‘ओइकोनोमोस’ या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ घराची व्यवस्था पाहणारा, असा आहे. धन्याची शेती, कोठार व चाकरमाणसे यांची देखभाल करणारा हा सेवक पुष्कळदा स्वतः गुलाम असे. मराठी बायबलमध्ये त्यासाठी ‘कारभारी’ हा शब्द योजिला गेला व तो अत्यंत समर्पक ठरला. मराठी राज्यात व पुढे पटवर्धनांच्या सांगली, मिरज यांसारख्या संस्थानांत कारभारी हे पद सर्वांच्या परिचयाचे होते. कारभाऱ्याच्या हाती मोठी सत्ता असे, पण दौलत त्याची नसे. मागितला जाईल तेव्हा हिशेब देणे त्याला बंधनकारक होते. याच्या उलट वतनदाराचा हक्क वंशपरंपरागत असे व तो सहसा कोणाला काढून घेता येत नसे. मनुष्य आपल्या मालमत्तेचा वतनदार नसून कारभारी आहे, असे सांगितल्यावर कृष्णाकाठच्या श्रोत्याला निराळ्या भाष्याची गरज पडत नसे. येशूच्या दृष्टांतांतही हिशेबाचा हा मुद्दा वारंवार येतो. धन्याने परदेशी जाताना सोपविलेला पैसा जमिनीत पुरून ठेवणाऱ्या चाकराचा दृष्टांत मत्तयकृत शुभवर्तमानात आहे, तर लूककृत शुभवर्तमानात धन्याची मालमत्ता उधळल्याच्या आरोपावरून जाब विचारल्या गेलेल्या कारभाऱ्याचा दृष्टांत आहे.

भारतीय परंपरेतील दान व ख्रिस्ती अर्पण यांत बाह्यतः साम्य असले, तरी त्यांमागील कल्पना भिन्न आहेत. धर्मशास्त्रात दानाच्या संदर्भात देश, काल व पात्र यांचा विचार प्रमुख असतो आणि दात्याला पुण्य लाभते. प्रॉटेस्टंट विचारात देणाऱ्याच्या पदरी पुण्य जमा होत नाही. जे मुळात परमेश्वराचे आहे त्याचा काही अंश कृतज्ञतापूर्वक परत केला जातो, एवढाच अर्पणाचा अर्थ. व्यवहारात मात्र हा भेद नेहमीच काटेकोरपणे पाळला जातो असे नाही. नवस फेडावा तसे अर्पण आणणारे लोक मंडळ्यांत आढळतात आणि समंजस पाळक त्यांना सहसा परत पाठवीत नाहीत.

बायबलमधील आधार : जुन्या करारात उत्पन्नाचा दहावा हिस्सा म्हणजे ‘दशांश’ परमेश्वराचा मानला आहे. अब्राहामाने मलकीसदेकाला दशांश दिल्याची कथा उत्पत्तीच्या पुस्तकात आहे. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे धान्य, फळे व गुरे यांचा दशांश, तसेच पहिल्या पिकाचे अर्पण देणे इस्राएल लोकांवर बंधनकारक होते. ज्यांना जमिनीत वाटा मिळाला नव्हता, त्या लेवी वंशाच्या उपासना-सेवकांचा निर्वाह या दशांशावर होत असे. अनुवादाच्या पुस्तकात दर तिसऱ्या वर्षीचा दशांश गावातच साठवून तो लेवी, परदेशीय, अनाथ व विधवा यांच्यासाठी राखून ठेवण्याची आज्ञा आहे. दशांश हा केवळ पुरोहितांचा हक्क नव्हता, ही गोष्ट या विषयावरील प्रवचनांत पुष्कळदा निसटून जाते. सर्व दशांश भांडारात आणण्याविषयीचे व त्यामुळे मिळणाऱ्या आशीर्वादाविषयीचे मलाखी संदेष्ट्याचे वचन मात्र सर्वांच्या तोंडी असते.

नव्या करारात दशांशाचा नियम घालून दिलेला नाही. पुदिना व शेप यांसारख्या क्षुल्लक वस्तूंचाही दशांश देणारे, परंतु न्याय व दया यांकडे दुर्लक्ष करणारे परूशी येशूच्या टीकेचे विषय झाले. मंदिराच्या भांडारात दोन टोल्या टाकणाऱ्या गरीब विधवेचे अर्पण त्याने धनवानांच्या देणग्यांहून मोठे ठरविले. कारण मोजमाप दिलेल्या रकमेवरून नव्हे, तर मागे उरलेल्या रकमेवरून केले होते. पौलाने करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या पत्रांत या विषयाचे सर्वांत विस्तृत विवेचन आढळते. यरुशलेममधील गरिबांसाठी तो निधी जमवीत होता. प्रत्येकाने आठवड्याच्या पहिल्या दिवशी आपल्या प्राप्तीच्या मानाने काही बाजूला काढून ठेवावे, दान सक्तीने नव्हे तर स्वखुशीने असावे आणि ज्याच्याजवळ जे आहे त्यावरून त्याचे मोल ठरावे, ही तत्त्वे त्याने मांडली. मासेदोनियातील मंडळ्यांनी स्वतः दारिद्र्यात असूनही ऐपतीपलीकडे दिल्याचे उदाहरण त्याने दिले आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की जमलेली रक्कम त्याने एकट्याने नेली नाही. मंडळ्यांनी निवडलेली माणसे त्याने बरोबर घेतली आणि एवढ्या मोठ्या रकमेविषयी कोणास दोष देता येऊ नये हाच त्यामागील हेतू असल्याचे स्पष्टपणे लिहिले. मंडळीच्या हिशेबतपासणीचे मूळ येथे आहे.

यूरोप व अमेरिका : मध्ययुगीन यूरोपात दशांशाला कराचे स्वरूप आले. ७७९ मध्ये शार्लमेनच्या राजाज्ञेने फ्रँकिश राज्यात तो देणे बंधनकारक झाले. फ्रान्समध्ये १७८९ च्या राज्यक्रांतीने तो नष्ट केला. इंग्लंडमध्ये १८३६ च्या कायद्याने धान्यरूप दशांशाचे रोख आकारणीत रूपांतर झाले. जर्मनीत सभासदांच्या आयकरावर आठ किंवा नऊ टक्के चर्च-कर आकारून तो सरकारमार्फत वसूल करण्याची पद्धत आजही आहे. स्कॉटलंडमध्ये १८४३ साली राज्याश्रित चर्चमधून बाहेर पडलेल्या फ्री चर्चने टॉमस चामर्झ यांच्या कल्पनेनुसार एक मध्यवर्ती निर्वाह-निधी उभारला. त्यात सधन व निर्धन मंडळ्यांनी आपापल्या शक्तीप्रमाणे भर घालावयाची व त्यातून सर्व पाळकांना समान किमान वेतन द्यावयाचे, अशी योजना होती. भारतातील अनेक धर्मप्रांतांनी पुढे स्वीकारलेल्या मध्यवर्ती वेतन-निधीची कल्पना याच जातीची आहे.

साताऱ्यास आलेल्या मिशनऱ्यांच्या दृष्टीने अमेरिकेतील घडामोडी अधिक महत्त्वाच्या होत. त्यांना पाठविणारे ‘अमेरिकन बोर्ड’ हे मंडळ १८१० मध्ये मॅसॅचूसेट्स राज्यात स्थापन झाले. त्या राज्यात चर्चच्या खर्चासाठी कर बसविण्याची पद्धत १८३३ पर्यंत चालू होती. अर्थात केवळ सभासदांच्या स्वेच्छादानावर मंडळी चालविण्याचा प्रयोग त्यांच्या मायदेशातही जुना नव्हता. जी शिस्त त्यांच्या समाजाने नुकतीच अंगी बाणविली होती, तिची अपेक्षा त्यांनी दख्खनमधील दरिद्री खेड्यांतून थोड्याच वर्षांत केली. ही अपेक्षा अवाजवी होती असे म्हणता येईल. परंतु ती केली नसती, तर मंडळ्या कायमच्या पोष्य राहिल्या असत्या.

सातारा व सांगली येथील मिशन-काल : गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे अमेरिकन बोर्डाचे मिशनरी १८१३ मध्ये मुंबईस पोहोचले. त्यांच्या अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये अहमदनगर येथे व सातारचे राज्य १८४८ मध्ये खालसा झाल्यानंतर १८४९ मध्ये सातारा येथे केंद्र उघडले. वाई हेही त्या मिशनचे एक ठाणे झाले. दक्षिणेकडे रॉयल वाइल्डर यांनी १८५२ मध्ये कोल्हापूर येथे सुरू केलेले काम १८७० मध्ये अमेरिकन प्रेसबिटेरियन बोर्डाकडे गेले व त्या मिशनने सांगली (१८८४) आणि मिरज (१८९२) येथे ठाणी वसविली. मिरजेचे विल्यम वानलेस यांचे रुग्णालय याच मिशनचे होय. आजचा सांगली जिल्हा १९४९ मध्ये संस्थानांच्या विलीनीकरणानंतर ‘दक्षिण सातारा’ या नावाने बनला व १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे एकाच प्रदेशात काँग्रिगेशनल व प्रेसबिटेरियन अशा दोन अमेरिकन परंपरा शेजारी-शेजारी वाढल्या. पहिलीत प्रत्येक मंडळी स्वायत्त मानली जाई. दुसरीत मंडळ्यांवर वडिलांच्या क्रमवार सभांचे नियंत्रण असे. पैशाच्या बाबतीत मात्र प्रारंभी दोन्हींकडील स्थिती सारखीच होती, म्हणजे पैसा अमेरिकेतून येत होता.

अमेरिकन बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन यांनी १८५४-५५ मध्ये भारतातील ठाण्यांना भेट दिली. स्थानिक मंडळ्यांनी स्वशासित, स्वावलंबी व स्वतः धर्मप्रसार करणाऱ्या व्हावे, हे सूत्र त्यांनी व इंग्लंडमधील हेन्री व्हेन यांनी स्वतंत्रपणे मांडले होते. १८५४ मध्येच अहमदनगर येथे हरी रामचंद्र खिस्ती व रामकृष्ण विनायक मोडक यांना पाळक म्हणून दीक्षा देण्यात आली. मराठी पाळक आल्यावर त्याचे वेतन कोणी द्यावयाचे, हा प्रश्न लागलीच उपस्थित झाला. मिशनने वेतन दिल्यास पाळक मिशनचा नोकर ठरतो आणि मंडळीने द्यावयाचे तर मंडळीजवळ पैसा नाही, असा हा पेच होता.

मंडळीजवळ पैसा नव्हता याचे कारण ती कोणत्या लोकांची बनली होती यात आहे. काही ब्राह्मण व अन्य उच्चवर्णीय व्यक्ती ख्रिस्ती झाल्या असल्या, तरी खेड्यांतील बहुसंख्य ख्रिस्ती महार व मांग समाजांतून आलेले होते. त्यांच्या वाट्याला शेतजमीन थोडी होती. निर्वाह मुख्यतः बलुते, मजुरी व गावकामावर चाले. १८७६–७८ व १८९९-१९०० या दुष्काळांत मिशनच्या मदतकार्यामुळे अनेक लोक जीव वाचवू शकले. अनाथ मुलांसाठी वसतिगृहे उघडली गेली. परंतु या उपकारांमुळे मिशनला ‘मायबाप’ मानण्याची वृत्ती दृढ झाली. शाळामास्तर, प्रचारक, बायबल-स्त्री, दवाखान्यातील सेवक अशा नोकऱ्या मिशन देई. तेव्हा मंडळीतील सुशिक्षित सभासद बहुधा मिशनचे पगारदार असत व त्यांच्या पगारातून आलेले अर्पण हे अंशतः अमेरिकेच्याच पैशाचे परतून आलेले रूप असे. मंडळी स्वावलंबी झाल्याचे दाखविणाऱ्या आकड्यांकडे पाहताना ही बाब ध्यानी ठेवणे आवश्यक आहे.

तरीही खेड्यातील लोकांना देण्याची सवय नव्हती, हे म्हणणे खरे नाही. हंगामात खळ्यावर बलुतेदारांचे वाटे काढणे हा गावगाड्याचा नियमच होता. जो सुतार नांगर दुरुस्त करतो, त्याला जसे धान्य मिळते, तसे जो प्रार्थना चालवितो त्यालाही मिळावे, ही कल्पना ग्रामीण मनाला रोख पगारापेक्षा अधिक जवळची होती. पाळकाला ज्वारी, गूळ, शेंगा वा कोंबडी देण्याची प्रथा या प्रदेशात मिशनने शिकविलेली नव्हे. अडचण अशी, की बलुते घेणारा गावाचा आश्रित मानला जाई, तर पाळकाने मंडळीला प्रसंगी कठोर शब्द ऐकवावेत अशी अपेक्षा होती. शिवाय अर्पण देणारे स्वतःच दुसऱ्यांच्या खळ्यावर हात पसरणारे होते. जे आजवर मागणारे म्हणून ओळखले गेले, त्यांनी देणारे व्हावे, यात सामाजिक दर्जातील मोठा बदल सामावलेला होता आणि कित्येक मंडळ्यांना स्वावलंबनाचा अभिमान वाटण्याचे खरे कारण तेच असावे.

नारायण वामन टिळकांचा प्रयोग : या संदर्भात कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या अखेरच्या वर्षांचा विशेष उल्लेख करावयास हवा. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेले टिळक दीर्घकाळ अमेरिकन मराठी मिशनमध्ये कार्य करीत होते. परकीय मिशनचे वेतन घेणाऱ्या उपदेशकाचे म्हणणे महाराष्ट्रीय समाज निःशंकपणे ऐकत नाही, असे त्यांचे मत झाले होते. १९१७ साली त्यांनी मिशनच्या सेवेतून मुक्त होऊन संन्यस्त वृत्ती स्वीकारली व सातारा येथे ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांचा हा बंधुसंघ होता. कीर्तन हे त्यांचे आवडते माध्यम होते. कीर्तनकाराचा निर्वाह श्रोत्यांनी तबकात टाकलेल्या पैशावर होतो, त्याला कोणाचे वेतन नसते. उपदेशकाचा भार ज्यांना उपदेश करावयाचा त्यांनीच वाहावा, हे तत्त्व अँडरसन यांनी शासनव्यवस्थेच्या अंगाने मांडले होते. टिळकांनी ते संतपरंपरेच्या अंगाने जगून दाखविण्याचा प्रयत्न केला. दरबाराला स्थिर रूप येण्यापूर्वीच मे १९१९ मध्ये त्यांचे मुंबईत निधन झाले. संसाराची ओढाताण लक्ष्मीबाई टिळकांच्या वाट्यास किती आली, हे त्यांच्या स्मृतिचित्रे या आत्मचरित्रात वाचावयास मिळते. निर्वेतन सेवेचा गौरव करताना तिची ही बाजू सहसा सांगितली जात नाही.

साताऱ्यासच १९२४ मध्ये भाऊराव पाटील यांनी आपल्या रयत शिक्षण संस्थेचे केंद्र आणले. ख्रिस्ती मंडळ्यांशी या संस्थेचा संबंध नाही. तथापि सरकार वा धनिक यांच्याकडे न पाहता लोकांच्या लहान-लहान मदतीतून आणि श्रमातून मोठे कार्य उभारण्याची जी वृत्ती या जिल्ह्यात त्या काळी वाढत होती, तिचे ते ठळक उदाहरण होय. प्रत्येक घरातून मूठभर धान्य बाजूला काढण्याची ‘मुष्टिफंडा’ची रीत महाराष्ट्रात अनेक सार्वजनिक कार्यांनी वापरली. मिझोराममध्ये तर स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ मंडळीसाठी वेगळे काढण्याची विसाव्या शतकाच्या प्रारंभी रूढ झालेली प्रथा तेथील चर्चच्या अर्थव्यवस्थेचा एक प्रमुख आधार बनली. हा मुठीचा हिशेब घरातील स्त्रीच्या हाती असतो, हे विशेष. जिच्याजवळ रोख पैसा नसे, तीही दाती ठरे.

अर्पणाचे प्रकार : आज या जिल्ह्यांतील मंडळ्यांत अर्पण अनेक रूपांनी येते. रविवारच्या उपासनेत गीत चालू असताना थैली किंवा तबक फिरविले जाते. याशिवाय कुटुंबागणिक मासिक वर्गणी असते. तिची नोंद खजिनदाराच्या वहीत होते व पावती दिली जाते. काही मंडळ्या वर्षारंभी प्रत्येक कुटुंबाकडून वर्षभरात किती देणार याचे संकल्पपत्र भरून घेतात, तर काही नावे वा क्रमांक घातलेली पाकिटे वाटतात. मुलाचा जन्म, बाप्तिस्मा, विवाह, परीक्षेतील यश, नोकरी, आजारातून उठणे, नवे घर अशा प्रसंगी उपकारस्तुतीचे अर्पण दिले जाते. स्त्रियांच्या सभेचा निधी वेगळा असतो व त्याचे हिशेब बऱ्याच ठिकाणी मुख्य निधीपेक्षा नीटनेटके असतात. मुक्तिफौजेच्या मंडळ्यांत आठवडाभर एखादी आवडीची गोष्ट सोडून वाचलेली रक्कम अर्पण करण्याची १८८६ पासूनची जागतिक प्रथा आहे. रोमन कॅथलिक धर्मग्रामांत मिस्साच्या वेळचे दान व धर्मप्रांताचे साहाय्य यांवर भर असून १९८३ च्या धर्मसंहितेनुसार प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असणे आवश्यक आहे.

सर्वांत लोकप्रिय प्रसंग म्हणजे हंगामाचा सण. पीक निघाल्यावर ठरविलेल्या रविवारी सभासद आपल्या उत्पन्नातील वस्तू वेदीपुढे आणून ठेवतात : ज्वारीची कणसे, ऊस, हळद, भुईमुगाच्या शेंगा, तासगावकडील द्राक्षे, भोपळे, अंडी, जिवंत कोंबड्या. नोकरदार रोख रक्कम आणतात, गृहिणी घरी केलेले पदार्थ. उपासनेनंतर आवारात लिलाव होतो. बाजारात थोडक्या पैशांत मिळणारा भोपळा येथे कित्येक पट किमतीला जातो. घेणारा तो पुनश्च अर्पण करतो व त्याचा पुन्हा लिलाव होतो. चढाओढीत थट्टामस्करी असते, मुंबई-पुण्याहून मुद्दाम आलेले गावकरी मोठ्या बोली लावतात आणि कधीकधी त्यात प्रतिष्ठेचे प्रदर्शनही होते. विधवेच्या दोन टोल्यांशी हे कितपत जुळते, असा प्रश्न काही पाळक विचारतात. परंतु मंडळीच्या वर्षाच्या ताळेबंदातील तूट पुष्कळदा या एका दिवशी भरून निघते, म्हणून तो प्रश्न फार ताणला जात नाही.

जमेच्या या बाजूंसमोर खर्चाच्या बाजू ठरलेल्या असतात. पाळकाचे वेतन वा मध्यवर्ती वेतन-निधीतील वाटा, धर्मप्रांताची आकारणी, वीज, दुरुस्ती, शब्बाथशाळा, धर्मप्रसार आणि गरिबांना मदत. यांपैकी पहिल्या दोन बाबींनंतर फारसे उरत नाही व शेवटच्या बाबीवर पहिली काट बसते. कल्पनेसाठी ऐंशी कुटुंबांची एक मंडळी घेतली व प्रत्येक कुटुंबाची मासिक प्राप्ती सरासरी वीस हजार रुपये धरली, तर सर्वांनी दशांश दिल्यास महिन्यास एक लाख साठ हजार रुपये जमतील. त्यात पाळकाचे वेतन, इमारतीची देखभाल व गरजूंना मदत हे सर्व सहज होईल. त्याच मंडळीत प्रत्येक कुटुंबाने महिन्यास शंभर रुपये वर्गणी दिली, तर आठ हजार रुपयेच जमतात व पाळकाचे निम्मे वेतनही निघत नाही. बहुतेक मंडळ्या या दोन टोकांच्या मध्ये, दुसऱ्या टोकाच्या अधिक जवळ असतात.

दशांशाविषयीचे मतभेद : दशांश ख्रिस्ती मनुष्यावर बंधनकारक आहे काय, याविषयी एकमत नाही. एक पक्ष तो किमान माप मानतो. दुसरा पक्ष तो नियमशास्त्राचा भाग असून ख्रिस्ताच्या येण्याने संपुष्टात आला, असे म्हणतो. व्यवहारातील अडचणी निराळ्याच आहेत. पगारदाराने दशांश काढावयाचा तो हाती येणाऱ्या रकमेवर की कपातीपूर्वीच्या? उसाचे बिल येते तेव्हा त्यातून सोसायटीचे कर्ज आधीच वळते झालेले असते; द्राक्षबागायतदाराचा औषध-फवारणीचा खर्च उत्पन्नाच्या मोठ्या हिश्शाइतका असतो; जत-आटपाडीकडील कोरडवाहू शेतकऱ्याला काही वर्षी उत्पन्नच नसते. शेतमजुराच्या कमाईतील दहावा हिस्सा हा त्याच्या भाकरीतून जातो, तर बँकेतील अधिकाऱ्याचा दहावा हिस्सा बचतीतून. समान प्रमाण म्हणजे समान त्याग नव्हे, ही गोष्ट पौलाच्या ‘ऐपतीप्रमाणे’ या तत्त्वात आधीच आलेली आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून वाढलेल्या काही स्वतंत्र प्रार्थनासभांत मात्र दशांश दिल्यास अनेक पटींनी परत मिळेल, असे मलाखीच्या वचनाच्या आधारे सांगितले जाते. देणे हे अशा रीतीने गुंतवणूक ठरते आणि कारभारी पुन्हा मालक बनतो. शिवाय ज्याची भरभराट झाली नाही त्याच्या श्रद्धेतच खोट होती, असे म्हणण्याचा मार्ग मोकळा राहतो. जुन्या मंडळ्यांतील धर्मशिक्षक या शिकवणीस विरोध करतात. तिच्या आकर्षणामुळे त्यांचे काही सभासद तिकडे गेले आहेत, हेही खरे.

वर्गणी व मताधिकार यांचा संबंध हा वादाचा आणखी एक विषय होय. अनेक मंडळ्यांत नियमित वर्गणी देणाऱ्या सभासदालाच वार्षिक सभेत मत देता येते. जो भार उचलतो त्याने निर्णय घ्यावा, हे तत्त्व ठीक असले, तरी त्यामुळे निवडणुकीच्या तोंडावर थकबाकी एकरकमी भरली जाण्याचे प्रकार होतात आणि हातावर पोट असलेली कुटुंबे यादीतून गळतात. काही मंडळ्यांनी वृद्ध, विधवा व बेरोजगार यांच्यासाठी नाममात्र वर्गणी ठरवून यातून वाट काढली आहे.

मालमत्ता व हिशेब : अमेरिकेतील मंदीमुळे १९३० नंतरच्या दशकात मिशनची अनुदाने घटली आणि स्वातंत्र्यानंतर मिशनरी क्रमाक्रमाने परत गेले. काँग्रिगेशनल व प्रेसबिटेरियन मंडळ्या १९२४ मध्ये ‘युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया’त एकत्र आल्या होत्या, २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ अस्तित्वात आले. या स्थित्यंतरांत मिशनने मागे ठेवलेली मंदिरे, शाळा, बंगले व मोकळ्या जागा यांची व्यवस्था निरनिराळ्या न्यासांकडे गेली. शहरे वाढली तशा गावकुसाबाहेरच्या या जागा मोक्याच्या ठरल्या. पाळकाचे वेतन वेळेवर देऊ न शकणारी मंडळी कोट्यवधी रुपयांच्या भूखंडावर उपासनेसाठी जमते, असे विसंगत चित्र त्यातून निर्माण झाले. भाड्याचे वा विक्रीचे उत्पन्न हाती असले, की सभासदाच्या वर्गणीची गरज भासत नाही व ज्याची गरज नाही त्याला हिशेब देण्याचीही निकड राहत नाही. पूर्वी मिशनच्या अनुदानाने जे केले, तेच आता वारशाच्या मालमत्तेने होण्याचा धोका आहे. कारभाऱ्याचे वतनदार होणे ते हेच.

कायद्याने या बाबतीत काही आळा घातला आहे. १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमानुसार (आता महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम) धार्मिक न्यासांची नोंदणी, वार्षिक हिशेबतपासणी आणि स्थावर मालमत्ता विकण्यापूर्वी धर्मादाय आयुक्तांची परवानगी आवश्यक आहे. चर्चच्या एकीकरणामुळे जुन्या संस्थेची मालमत्ता आपोआप नव्या संस्थेकडे जाते काय, हा प्रश्न गुजरातमधील ब्रेदरन चर्चच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला. कायद्यातील विहित पद्धत पाळल्याखेरीज असे हस्तांतर होत नाही, असा निर्णय न्यायालयाने २०१३ मध्ये दिला. परदेशी देणग्यांवर प्रथम १९७६ च्या व नंतर २०१० च्या विदेशी अंशदान (विनियमन) अधिनियमाने नियंत्रण आले. २०२० च्या दुरुस्तीने अशा देणग्या नवी दिल्लीतील स्टेट बँकेच्या एका विशिष्ट शाखेतील खात्यातच स्वीकारण्याचे बंधन घातले गेले व प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नासवरून वीस टक्क्यांवर आणली गेली. ज्या मंडळ्या स्थानिक अर्पणांवर चालत होत्या, त्यांना या बदलांची झळ फारशी लागली नाही.

कायद्याची तपासणी वर्षातून एकदा होते. मंडळीतील जुनी रीत याहून सोपी आहे : उपासना संपताच दोन वडिलांनी मिळून थैलीतील पैसे मोजावयाचे, दोघांनी वहीत सही करावयाची आणि पुढील रविवारी सूचनांच्या वेळी मागील अर्पणाचा आकडा सर्वांसमोर वाचावयाचा. पौलाने यरुशलेमच्या निधीसाठी अवलंबिलेल्या मार्गाचेच हे लहान रूप आहे. जेथे ही रीत खंडित झाली, तेथे अर्पण कमी झाल्याची तक्रार प्रथम ऐकू येते; तिचे कारण सांगताना लोकांच्या श्रद्धेचा ऱ्हास पुढे केला जातो, वाचावयाच्या राहिलेल्या आकड्याचा उल्लेख क्वचितच होतो. २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे मंदिरे बंद राहिली, तेव्हा अनेक मंडळ्यांनी भ्रमणध्वनीवरून थेट बँक-खात्यात अर्पण स्वीकारण्यास आरंभ केला. आता काही मंदिरांच्या दाराशी त्यासाठीचे चौकोनी संकेतचित्र लावलेले दिसते. या पद्धतीत प्रत्येक रुपयाची नोंद आपोआप होते, मात्र कोणी किती दिले हे खजिनदाराला कळते. थैलीत बंद मुठीने टाकलेल्या नाण्याला जी गुप्तता होती, ती यात नाही. थैली अद्याप फिरतेच. शब्बाथशाळेची मुले आईने हातात दिलेले नाणे तीत टाकतात व पुष्कळ वयस्क सभासदही खात्यात रक्कम भरल्यानंतर थैली पुढे आली असता रिकामा हात नको म्हणून तीत काही टाकतात.